जीमॅटमध्ये सुरुवातीची कक्षा आणि तारीख कशी टाकायची (चांद्रयान-३ चे आकडे घेऊन)

जीमॅट डाउनलोड केलं, उघडलं, रनचं त्रिकोणी बटण दाबलं, पृथ्वीभोवती एक रेघ गरगर फिरली, मजा आली. इथपर्यंत सगळ्यांचं होतं. मग आपला स्वतःचा उपग्रह टाकायचा म्हणून डाव्या बाजूच्या झाडात स्पेसक्राफ्ट फोल्डरखाली डीफॉल्टएससी वर डबलक्लिक करतो आणि समोर जे पान उघडतं ते बघून निम्मे लोक गुपचूप खिडकी बंद करतात. तारखेच्या जागी २१५४५ असा काहीतरी आकडा, शेजारी टीएआय मॉड ज्युलियन असं लिहिलेलं, उजवीकडे ७१००, ०, १३०० असे सहा रकाने. तारीख कुठाय? कक्षा कुठाय? हे पान नीट भरायचं कसं एवढंच आज सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीमॅट म्हणजे जनरल मिशन अ‍ॅनालिसिस टूल, नासाच्या गॉडार्ड केंद्राच्या पुढाकाराने बनलेलं, ओपन सोर्स आणि पूर्ण फुकट. दिसायला जुन्या काळातलं वाटतं पण काम खणखणीत आहे, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

एक गोष्ट आधीच मनात ठेवा, बाकीचा लेख विसरलात तरी चालेल: ड्रॉपडाउन आधी, आकडे नंतर. या पानावर चार ड्रॉपडाउन किंवा रकाने महत्त्वाचे आहेत, एपॉक फॉरमॅट (तारीख कुठल्या पद्धतीत लिहायची), एपॉक (आकडे ज्या क्षणाचे आहेत ती तारीख-वेळ), कोऑर्डिनेट सिस्टीम (कुठून आणि कुठल्या दिशांनी मोजायचं) आणि स्टेट टाइप (कक्षा कुठल्या सहा आकड्यांत सांगायची). तुम्ही आकडे टाकून झाल्यावर ड्रॉपडाउन बदललात तर सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिकपणे तुमचे आकडे नव्या पद्धतीत रूपांतर करून दाखवतं, म्हणजे तुम्ही कक्षेचा आकार समजून टाकलेला आकडा आधी एक्स, म्हणजे एका दिशेतलं अंतर, म्हणून घेतला गेला आणि मग त्याचं भलतंच काहीतरी झालं. आकडा एकटा असला की त्याला काही अर्थ नसतो, तो कुठल्या घड्याळात आणि कुठल्या चौकटीत मोजलाय हे आधी ठरवायला लागतं. कपडे शिवायला टाकताना शिंप्याला नुसतं "३८" सांगून कसं चालेल, इंच की सेंटीमीटर, छाती की कंबर?

उदाहरण कुठलं

कोरडे आकडे घेऊन शिकायला कंटाळा येतो म्हणून आपण चांद्रयान-३ घेऊ. १४ जुलै २०२३ ला दुपारी २:३५ ला श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ रॉकेट उडालं आणि साधारण १६ मिनिटांनी यान सुटं होऊन १७० गुणिले ३६,५०० किलोमीटरच्या कक्षेत गेलं. इस्रोने जाहीर केलेलं एवढंच, म्हणजे जमिनीपासूनची सगळ्यात कमी उंची १७० आणि सगळ्यात जास्त ३६,५००. आपल्याला बातमीत मिळते ती माहिती नेहमी अशाच रूपात असते आणि सॉफ्टवेअरला मात्र ती वेगळ्या रूपात लागते, खरी गंमत तिथेच आहे.

आधी तारीख

एपॉक फॉरमॅटचा ड्रॉपडाउन उघडा आणि यूटीसी ग्रेगोरियन निवडा, यूटीसी म्हणजे जगाची प्रमाण वेळ आणि ग्रेगोरियन म्हणजे आपलं नेहमीचं कॅलेंडर. निवडल्याबरोबर तो २१५४५ जाऊन तिथे १ जानेवारी २००० ची सकाळ ११:५९:२८ अशी तारीख दिसेल. हे २८ सेकंद कुठून आले म्हणून डोकं खाजवू नका, मूळ आकडा टीएआय म्हणजे अणुघड्याळाच्या वेळेत बरोबर दुपारचे १२ आहे आणि त्या वर्षी टीएआय हे यूटीसीच्या ३२ सेकंद पुढे होतं, बस.

आता आपली तारीख. उड्डाण २:३५ ला, यान सुटं झालं साधारण २:५१ ला, ही झाली भारतीय वेळ. यूटीसीसाठी साडेपाच तास वजा करायचे, १४:५१ मधून ५:३० गेले की ०९:२१. म्हणजे एपॉकच्या रकान्यात १४ जुलै २०२३, ०९:२१:००.००० असं टाकायचं. टाकायची पद्धत मात्र कडक आहे: दिवस दोन आकडी, मग महिन्याची इंग्रजी पहिली तीन अक्षरं आणि त्यातलं पहिलं कॅपिटल, मग चार आकडी वर्ष, मग चोवीस तासांच्या घड्याळाने वेळ, सेकंदांनंतर पॉइंट देऊन तीन शून्य. आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाका हे वेगळं सांगायला नको.

मध्यरात्रीनंतरची वेळ असली तर जपून. चांद्रयान-२ चं पहिलं ठरलेलं उड्डाण १५ जुलै २०१९ ला पहाटे २:५१ चं होतं, ते तासभर आधी थांबवलं हे आठवत असेल. ते जर सिम्युलेट करायचं झालं तर यूटीसीमध्ये तारीखच बदलते, १४ जुलै रात्री २१:२१. भारतात पहाटे साडेपाचच्या आधी जे घडतं ते यूटीसीत आदल्या दिवशी घडतं. मी स्वतः हे कागदावर लिहून घेतो, डोक्यात वजाबाकी करत नाही, का ते पुढे सांगतो.

त्या ज्युलियन आकड्याची भानगड

यूटीसी ग्रेगोरियन निवडलंत तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. पण कुणाकडून डेटा घेतला आणि त्यात तारीख एमजेडी म्हणून दिलेली असेल तर थांबा. ज्युलियन डेट म्हणजे फार जुन्या एका दिवसापासून सलग मोजत आलेले दिवस, आणि एमजेडी म्हणजे मॉडिफाइड ज्युलियन डेट, तोच आकडा छोटा करून. जगभर एमजेडी म्हणतात ते ज्युलियन डेटमधून २४,००,०००.५ वजा करून. जीमॅट मात्र २४,३०,००० वजा करतं. का? त्यांनी ५ जानेवारी १९४१ ची दुपार हा शून्य धरलाय. म्हणजे दोन्हीत २९,९९९.५ दिवसांचा फरक, जवळजवळ ८२ वर्षं!

आपलं उदाहरण घ्या. १४ जुलै २०२३ ची ०९:२१ ची वेळ सगळ्या जगाच्या एमजेडीत ६०१३९.३८९५८३ होते आणि जीमॅटच्या यूटीसी मॉड ज्युलियनमध्ये ३०१३९.८८९५८३. तुम्ही चुकून ६०१३९ वाला टाकलात तर जीमॅट घेतच नाही, कारण त्याची मर्यादा ६११६ ते ५८१२७.५ आहे, म्हणजे ४ ऑक्टोबर १९५७ ते २८ फेब्रुवारी २१००. (पहिली तारीख ओळखीची वाटली ना, स्पुटनिकचा दिवस.) एरर आली म्हणजे सुटलात असं समजा. खरा धोका जुन्या मोहिमांचा. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, त्याचा जगाचा एमजेडी ५६६०१, हा आकडा मर्यादेत बसतो, त्यामुळे जीमॅट तो हूं की चूं न करता घेतं आणि तुमचं मंगळयान डिसेंबर २०९५ मध्ये उडतं. मंगळ तेव्हा कुठे असेल देव जाणे. ऑर्बिटर नावाचा जो सिम्युलेटर आहे, विमानाच्या गेमसारखा, त्यात मात्र जगाचाच एमजेडी चालतो, म्हणून एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकडा उचलून टाकणारे हमखास इथे पडतात.

कोऑर्डिनेट सिस्टीम

हे पटकन. अर्थएमजे२०००ईक्यू असं आधीच निवडलेलं असतं, तेच ठेवा. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून, विषुववृत्ताच्या पातळीत, २००० सालच्या दिशा धरून मोजायचं. यादीत शेवटी ईसी असलेली एक आहे ती सूर्यमार्गाच्या पातळीची, आणि अर्थफिक्स्ड म्हणजे पृथ्वीबरोबर फिरणारी. दोन्हीला आत्ता हात लावू नका.

स्टेट टाइप, आणि इथे माझं मत

सुरुवातीला कार्टेशियन असतं, म्हणजे एक्स वाय झेड आणि तीन वेग. बहुतेक ठिकाणी सांगतात की केप्लेरियन निवडा. मी म्हणतो मॉडिफाइड केप्लेरियन निवडा, कारण केप्लेरियनमध्ये एसएमए आणि ईसीसी लागतात म्हणजे अर्धा मोठा अक्ष आणि लंबवर्तुळ किती चपटं आहे तो आकडा, आणि बातमीत कधीच कुणी ईसीसी सांगत नाही, बातमीत पेरिजी-अपोजी, म्हणजे कक्षेतला पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा बिंदू, सांगतात, आणि मॉडिफाइड केप्लेरियनमध्ये पहिले दोन रकाने नेमके त्याचेच असतात, रॅडपर आणि रॅडॅपो.

पण, आणि हा पण मोठा आहे, तिथे उंची नाही टाकायची, पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर टाकायचं. रॅड म्हणजे रेडियस. नव्या माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक ही, सरळ १७० टाकून मोकळे होतात आणि यान पृथ्वीच्या गाभ्यात शिरतं. विषुववृत्तावरची पृथ्वीची त्रिज्या ६३७८.१४ किलोमीटर मिळवायची:

रॅडपर: १७० + ६३७८.१४ = ६५४८.१४
रॅडॅपो: ३६५०० + ६३७८.१४ = ४२८७८.१४

शाळेत ६३७१ पाठ केलेलं असतं, ती सरासरी त्रिज्या, ती मिळवलीत तर सात किलोमीटर खाली जाल, १७० च्या पेरिजीला सात किलोमीटर म्हणजे थोडं नव्हे.

ज्यांना तरी केप्लेरियनच भरायचंय त्यांच्यासाठी हिशोब असा: दोन्हींची बेरीज भागिले दोन म्हणजे एसएमए, २४७१३.१४ येतो. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे ईसीसी, ३६३३० भागिले ४९४२६.२८, येतं ०.७३५०३४. किंवा आळशी लोकांचा मार्ग, मॉडिफाइडमध्ये भरा आणि मग स्टेट टाइप केप्लेरियन करा, सॉफ्टवेअर स्वतःच काढून दाखवेल. मघाशी ज्या रूपांतराला घाबरायला सांगितलं तेच इथे कामाला येतं.

उरलेले चार रकाने

आयएनसी म्हणजे कल, कक्षा विषुववृत्ताशी किती अंशात झुकलीय. श्रीहरिकोटा १३.७ उत्तर अक्षांशावर आहे, तिथून सरळ वर जाऊन त्याहून कमी कलाच्या कक्षेत जाता येत नाही, मध्ये वळण घ्यावं लागतं. आपण सरावासाठी २१ टाकू.

पुढचे तीन, आरएएएन (कक्षेची पातळी कुठल्या दिशेला वळलीय), एओपी (यान विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातं तिथून पेरिजी किती अंशांवर आहे), टीए (यान पेरिजीपासून किती अंश पुढे आहे). हे बातमीत मिळत नाहीत, म्हणून मी खाली देतोय ते माझे सरावाचे आकडे आहेत, इस्रोचे नव्हेत, हे लक्षात असू द्या. रॉकेट श्रीहरिकोटाहून आग्नेयेला जातं आणि विषुववृत्ताजवळ पोचतं तेव्हा यान सुटं करतं असं धरलं तर पेरिजी विषुववृत्तावर, तेही यान उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडताना, म्हणून एओपी १८०. यान नुकतंच पेरिजीला आहे म्हणून टीए ०. आणि आरएएएन ७.

हा ७ कसा काढला? नकाशा बघून. आरएएएन जितके अंश वाढवाल तितकेच अंश जमिनीवरची रेघ पूर्वेला सरकते, बाकी आकार तोच राहतो. म्हणून आधी ० टाकून बघायचं रेघ कुठे सुरू होतेय आणि मग हवी तिथे सरकवायची. ७ टाकला की सुरुवात विषुववृत्तावर ११५ पूर्व रेखांशाजवळ होते, म्हणजे बोर्निओ बेटावर. श्रीहरिकोटा ८० पूर्वेला, सोळा मिनिटांत तिथे जाणं पटण्यासारखं आहे.

सगळं भरून झालं की अप्लाय, मग ओके.

एका सेकंदाची चाचणी

आता लगेच पूर्ण कक्षा चालवू नका. वरच्या मिशन टॅबवर जा, प्रोपगेट१ (यान पुढे चालवणारी आज्ञा) वर डबलक्लिक करा, थांबण्याची अट तिथे डीफॉल्टएससी.इलॅप्स्डसेक्स आणि १२००० अशी असते. ते १२००० काढून १ करा. रन करा. चित्रात काही दिसणार नाही, नको दिसू दे. मग प्रोपगेट१ वर राइट क्लिक करून कमांड समरी उघडा. भलीमोठी मजकुराची खिडकी येते, त्यात तुमची परीक्षा असते:

ऑर्बिट पीरियड ३८,६६४ सेकंदांच्या आसपास, म्हणजे १० तास ४४ मिनिटं. पेरिअ‍ॅप्सिस अल्टिट्यूड १७०. पेरिजीचा वेग सेकंदाला १०.२८ किलोमीटर, अपोजीचा १.५७. लॉन्जिट्यूड ११५ च्या जवळ, लॅटिट्यूड जवळजवळ शून्य.

पहिले चार जुळले म्हणजे कक्षेचा आकार बरोबर टाकलाय. शेवटचे दोन जुळले म्हणजे तारीख बरोबर टाकलीय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे नवीन माणसाच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. तारीख बदलली म्हणून उपग्रह पुढे सरकत नाही, टाकलेले सहा आकडे जसेच्या तसे राहतात, फक्त त्या क्षणी खालची पृथ्वी किती फिरलेली होती, सूर्य कुठे, चंद्र कुठे, हे बदलतं. त्यामुळे तारीख चुकली तरी कक्षा अगदी झकास दिसते आणि म्हणूनच ती चूक पकडायला कठीण.

हेच आकडे ठेवून तारीख बदलून बघा, मजा येते. एपॉक तसाच १ जानेवारी २००० ठेवलात तर सुरुवात उणे ९३ रेखांशाला, गालापागोस बेटांच्या थोडं पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात. आणि भारतीय वेळ १४:५१ तशीच यूटीसी म्हणून टाकलीत तर ३२ पूर्वेला, थेट युगांडात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर. साडेपाच तासांत पृथ्वी पावणेत्र्याऐंशी अंश फिरते ना, तेवढी रेघ पश्चिमेला गेली.

हे युगांडाचं प्रकरण माझ्या अंगावर आलेलं आहे. काही मुलांना दाखवत होतो, प्रोजेक्टरवर, अगदी ऐटीत, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर, हे रॉकेट सोळा मिनिटांत पश्चिमेला आफ्रिकेत कसं गेलं? मी आधी नकाशाला दोष दिला, मग आरएएएनला, मग सॉफ्टवेअरला. घरी येऊन कागदावर वजाबाकी केली तेव्हा कळलं. तेव्हापासून कागद.

त्यात अजून एक योगायोग आहे. या कक्षेचा अर्धा फेरा १९,३३२ सेकंदांचा आणि साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअरला सांगताय की १४:५१ यूटीसीला यान पेरिजीला आहे, आणि खरं यान त्या वेळी बरोबर उलट टोकाला, अपोजीजवळ, ३६ हजार किलोमीटर वर रेंगाळत होतं.

टीए आणि एमए, आणि टीएलई वाल्यांसाठी

खरे आकडे हवे असले की लोक टीएलई शोधतात, उपग्रहाची कक्षा सांगणाऱ्या त्या दोन ओळींच्या आकड्यांच्या माळा. वाईट नाही, पण डोळे झाकून भरू नका. पहिल्या ओळीतली तारीख २३१९५ आणि पुढे दशांश अशी असते, म्हणजे २०२३ चा १९५ वा दिवस, तोच १४ जुलै, आणि दशांश म्हणजे दिवसाचा किती भाग झाला, ०९:२१ ला ०.३८९५८३. ही वेळ आधीच यूटीसी असते, त्यातून परत साडेपाच तास वजा करणारेही मी बघितलेत! दुसऱ्या ओळीत ईसीसीला दशांश चिन्ह नसतं, ७३५०३४० असं दिसलं तर ते ०.७३५०३४० वाचायचं. एसएमए नसतोच, त्याऐवजी दिवसाला किती फेऱ्या ते असतं, आपल्या कक्षेला २.२३४६ येईल, ८६,४०० ला त्याने भागलं की फेऱ्याचा वेळ.

आणि फेऱ्यांच्या आधीचा आकडा एमए असतो, टीए नव्हे. एमए म्हणजे पेरिजी सोडून फेऱ्याचा किती वेळ झाला तो अंशात, पूर्ण फेरा ३६० धरून. जवळजवळ गोल कक्षेत, अंतराळस्थानकासारख्या, दोघांत किरकोळ फरक असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या कक्षेत टीए ९० असतो तेव्हा एमए असतो फक्त १४. पेरिजीजवळ यान इतकं सुसाट असतं की पाव चक्कर पंचवीसेक मिनिटांत मारतं आणि मग उरलेला दिवस वर घालवतं. तो १४ टीएच्या रकान्यात टाकलात तर संपलं.

शिवाय टीएलईचे आकडे सरासरी काढलेले असतात आणि त्यांची चौकटही थोडी वेगळी, ते केप्लेरियनमध्ये तसेच भरले तर काही किलोमीटर किंवा जास्त इकडेतिकडे होणारच. शिकायला चालतं. अँटेना फिरवायला नाही.

नासाच्या जेपीएल केंद्राच्या होरायझन्समधून (ग्रहांच्या आणि यानांच्या जागा देणारी सेवा) एक्स वाय झेड घेणार असाल तर कार्टेशियन निवडा, पण तीन गोष्टी तपासून: एकक किलोमीटर आणि सेकंद आहे ना, पातळी विषुववृत्ताची निवडलीय ना (आपणहून ती सूर्यमार्गाची असते), आणि वेळ. व्हेक्टर टेबलची (जागा आणि वेगाच्या तक्त्याची) वेळ आपणहून टीडीबी असते, म्हणजे सूर्यमालेच्या गणितात वापरतात ती वेळ, यूटीसी नव्हे, म्हणून एपॉक फॉरमॅटमध्येही टीडीबी ग्रेगोरियन घ्यायचं. २०१७ पासून दोघांत ६९ सेकंदांचा फरक आहे. एवढंसं काय होतंय असं वाटेल, पण पेरिजीला ६९ सेकंद म्हणजे सातशे किलोमीटर, मुंबई ते हैदराबाद गाडीने जाल तेवढं. अपोजीला मात्र शंभर-एकशेदहाच. तीच चूक, पण कुठे केली त्यावर तिची किंमत.

आता पूर्ण चालवा

परत प्रोपगेट१ मध्ये जाऊन १ चे ३८६६४ करा. बरेच जण १२००० तसंच ठेवतात, मग रेघ एक तृतीयांश वेळेनंतरच थांबते आणि कक्षा तुटली म्हणून ओरडतात, काही तुटलेलं नसतं.

यान अपोजीला पोचल्यावर थांबवायचं असेल तर अट बदलून डीफॉल्टएससी.अर्थ.अपोअ‍ॅप्सिस ठेवा. हिशोबाने १४:४३ यूटीसीला पोचायला हवं आणि उंची ३६,५०० हवी. पण कमांड समरीत वेळ जवळजवळ दोन मिनिटं आधीची दिसेल आणि उंची दोनेकशे किलोमीटर कमी. घाबरू नका, तुमचे आकडे बरोबर आहेत. पृथ्वी कमरेला फुगीर आहे आणि जीमॅटच्या डीफॉल्टप्रॉप या प्रोपगेटरमध्ये (यान पुढे कसं सरकेल ते काढणारा भाग) तो फुगवटा आधीच धरलेला असतो, ४ बाय ४ चं गुरुत्व मॉडेल. आपलं यान नेमकं विषुववृत्तावर, १७० किलोमीटरवर, फुगवट्याच्या अगदी डोक्यावरून सुरू होतंय, तिथे थोडी जास्त ओढ लागते, तेवढं वर कमी जातं. खात्री करायची असेल तर प्रोपगेटरच्या पानावर ग्रॅव्हिटीखाली डिग्री आणि ऑर्डर दोन्ही ० करा, परत चालवा, १४:४३ आणि ३६,५०० बरोबर जुळेल. जुळलं की परत ४ करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विसराल.

हवेचा अडथळा मात्र त्यात धरलेला नसतो. १७० किलोमीटरवर हवा असतेच, त्यामुळे या कक्षेत महिनाभर चालवून जे चित्र येईल त्यावर विश्वास ठेवू नका. खऱ्या यानालाही तिथे फार फेऱ्या मारायच्या नव्हत्याच, दुसऱ्याच दिवशी, १५ जुलैला, इस्रोने कक्षा वाढवून ४१,७६२ गुणिले १७३ केली.

ती आता तुम्ही भरा. हेच पान, स्टेट टाइप मॉडिफाइड केप्लेरियनच, पहिले दोन रकाने बदलायचे, तारीख १५ जुलैची, वेळ सरावापुरती कुठलीही. एक सेकंद चालवून कमांड समरी उघडा, ऑर्बिट पीरियड ४५,००३ सेकंद आला पाहिजे, बरोबर साडेबारा तास. काही भलतंच आलं तर आधी रॅडपर बघा, तिथे १७३ लिहिलेलं असेल.